पडद्याखालचा अंगठा

आमच्या घरात सूर्य उगवायच्या आधी भोंगा उगवायचा. आमच्या मानवत गावातली निम्मी लग्नं, झाडून सगळी बारशी आणि गणपतीचे मांडव, यांचा आवाज आमच्या ओसरीवरून जायचा, आणि जायच्या आधी तो घरात नीट वाजून दाखवल्याशिवाय अण्णा त्याला उंबरठा ओलांडू देत नसत. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचा धंदा लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा. अँप्लिफायर, रेकॉर्डप्लेअर, टेप, माईक, बॅटऱ्या आणि पत्र्याचे कर्णे या सगळ्या पसाऱ्याला मिळून ते 'मशीन' म्हणत, आणि मशीन हा शब्द असा उच्चारत की दुसऱ्या बापांनी थोरल्या मुलाचं नाव घ्यावं. कर्णे भिंतीवर खुंटीला टांगलेले असत. त्यातल्या एकात दर वर्षी मांजर व्यायची, आणि कर्ण्यात जन्मलेली ती पिल्लं पुढं गल्लीत ओरडायला लागली की पार धान्याच्या मोंढ्यातले हमाल उठून बसायचे. दुसऱ्या कर्ण्यात माय लसूण ठेवायची. आमची कोंबडी आरतीची रेकॉर्ड लागल्याशिवाय अंडं देत नसे. लाईट गेली की बिचारी दिवसभर अवघडून बसायची. ओसरीतल्या चिमण्या चिवचिव करत नसत, 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग' करत. हे मी आज सांगतो तेव्हा नातवंडं एकमेकांकडं बघतात. बघू द्या. त्या चिमण्या त्यांनी पाहिलेल्या नाहीत.

माय स्वैपाकही गाण्यावर करायची. अण्णा सकाळी मशीन तपासायला बसले की ती परातीपुढं बसे. रेकॉर्ड सुरू झाली की पिठाला पाणी, मुखडा संपेस्तोवर गोळा, पहिल्या कडव्याला थापायला सुरुवात, आणि सुई शेवटी खर्र खर्र करत फिरायला लागली की तव्यावर भाकरी फुगलेली. एकदा रेकॉर्ड मधेच अडकली आणि तेच ते अर्धं वाक्य म्हणत राहिली. माय थापत राहिली. भाकरी परातीबाहेर गेली, मग चुलीकडं निघाली, आणि शेवटी आम्ही घरातल्या सगळ्यांनी तिच्या कडा धरून तिला तव्यावर पोचवली. अंबाडीच्या भाजीवर लसणाची फोडणी पडायची तीसुद्धा तबल्याच्या समेवर. कुठलं गाणं लागलंय हे मायला सूर सुरू व्हायच्या आधी, नुसत्या सुईच्या खरखरीवरून कळायचं. प्रत्येक रेकॉर्डचे ओरखडे तिला आपल्या तळहातासारखे पाठ होते. आणि मलाही. तिथंच घोटाळा होता, हे मला पुष्कळ पुढं कळलं.

अशा घरातल्या पोराला गाण्याचं वेड असणार असं कुणालाही वाटेल, आणि मला ते होतं. पण ज्या दिवसांबद्दल हे लिहितोय त्या दिवसांत ते गेलं. दिवा विझतो तेव्हा निदान वातीचा वास येतो. इथं तसंही काही झालं नाही. एका सकाळी अण्णांनी नव्या कॅसेटचा कागद फाडला, कॅसेट घातली, आवाज वाढवला. मी ऐकत होतो, आणि मला काहीच होत नव्हतं. दुसरी लावली. तेच. गाणं कानात यायचं, बसायला जागा दिसत नाही म्हणून जरा थांबायचं आणि उठून जायचं. मग ते बाकीच्या गोष्टींतही पसरलं. ठेचा तिखट लागायचा, पण शेजारच्याच्या तोंडात लागावा तसा. कुणी गंमत केली की हसायची जागा ओळखून मी दात दाखवायचो. दुःख म्हणावं तर डोळ्याला पाणी नव्हतं. नाकावर बसलेली माशी हाकलायला मला कारण सापडत नसे, आणि ते माश्यांनाही कळलं होतं. तालुक्यातल्या झाडून साऱ्या माश्या दुपारच्या विश्रांतीला माझ्याकडं येत.

या सगळ्याच्या आधी एक दादाराव होता. भीमनगरात त्याची मावशी राहायची, तिच्याकडं राहून तो माझ्याबरोबर कॉलेजात होता. आम्ही त्याला दाद्या म्हणायचो. त्याच्याकडं कातडी खोळीतला एक रेडिओ होता. आमच्या घरी मशीन असूनही नवं गाणं मला कधी घरात सापडलं नाही. ते दाद्यानं शोधून दिलं. शाळेमागच्या पुलाच्या कठड्यावर बसून तो काटा केसभर, केसभर सरकवायचा, आणि खरखरीतून कुठल्या कुठल्या मुलखातली गाणी बाहेर काढायचा. मला तो 'भोंग्या' म्हणायचा. "भोंग्या, तोंड मिट, आता येतंय," असं म्हणायचा, आणि ते यायचं. मग विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला. कॉलेज बंद, एसट्या बंद. त्याच्या गावात घरं जळली, त्यात त्याचं होतं. एसट्या पुन्हा सुरू झाल्या तसा दाद्या मावशीकडून रेडिओ घेऊन पुण्याच्या गाडीत बसला. मला कळलं तेव्हा गाडी देवगाव फाटा ओलांडून गेली होती. या परिच्छेदात मी काही वाढवलेलं नाही.

तर अशा दिवसांत एकदा अण्णांनी कर्णा छपरावर चढवला होता आणि खाली नवी कॅसेट लावून ते हात कमरेवर ठेवून उभे होते. आवाज असा की पत्र्यावरची धूळ नाचत होती.

"ऐक की रे सुभ्या. कालच आलीय."

"ऐकू वाटंना, अण्णा," मी म्हणालो.

आमच्याकडं खाऊ वाटंना, जाऊ वाटंना, असं म्हणतात; खायची, जायची इच्छा होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण अण्णांचे कान अर्धी हयात कर्ण्याखाली गेलेले. डावा तर पूर्ण बसला होता, उजवा बसायच्या बेतात होता, आणि हे त्यांनी कधी कबूल केलं नव्हतं. "आजकाल माणसं लय हळू बोलायलीत," एवढंच ते म्हणायचे. जे वाक्य त्यांनी स्वतः इतकी वर्षं दाताखाली दाबून धरलं होतं, तेच त्यांना माझ्या तोंडून ऐकू आलं: ऐकू येईना.

मग त्यांनी मशीन बंद केली. इतकी शांतता आमच्या घरानं कधी पाहिली नव्हती. चिमण्या गप्प झाल्या. कोंबडी उंबरठ्यावर येऊन, मान वाकडी करून, आत कोण गेलं ते बघून गेली.

"मला वाटलंच होतं," अण्णा म्हणाले आणि पोत्यावर बसले.

मला फक्त 'तसं नाही' म्हणायचं होतं. पण शब्द पोटातून ओठापर्यंत आणायला जो काही जोर लागतो तो त्या काळात माझ्याकडं नव्हता. मी उभा राहिलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला. मी बहिरा झालो.

दुपारपर्यंत मानवतात कळलं. बातमी सांगायला भोंगा लागला नाही. माय लसूण घालून कडवलेलं तेल माझ्या कानात सोडायला लागली; दोन्ही कान एवढे तळले गेले की रस्त्यानं निघालो तर मागं कुत्री लागायची. बाजारच्या दिवशी एक वैदू आला. त्यानं नळी लावून माझ्या कानातून एक खडा, ज्वारीचे काही दाणे आणि मुंजीत हरवलेल्या कुणाच्या तरी अंगठीचा मणी काढून मायच्या हातावर ठेवला. माय म्हणाली, "एवढं सगळं आत असल्यावर आवाज कुठून जाईल." बहिरं असण्यात माझी काहीच अडचण होत नव्हती. कुणी काही विचारत नव्हतं, गाणं कसं वाटलं म्हणून तर नाहीच. लोक माझ्यासमोर काहीही बोलायचे. सगळं ऐकू यायचं, आणि कशाचंच काही व्हायचं नाही. आज माझ्या कानात खरोखरीची मशीन आहे, ती काढली की पंखासुद्धा ऐकू येत नाही. पण त्या दिवसांइतका बहिरा मी आजही नाही.

अण्णा मात्र खचले. एका संध्याकाळी मी ओसरीवर असताना त्यांनी मायला हळूच सांगितलं. त्यांचं हळूच म्हणजे जिनिंग मिलच्या फाटकापर्यंत.

"माझ्या भोंग्यानं खाल्ले गं पोराचे कान."

"असं काय बोलायलाव."

"तर काय. झोळीत होता तवापासून कर्ण्याखाली निजवला त्याला. जिंतूरचा एक जण मशीन बघून गेलाय. एवढी लग्नसराई होऊ दे, देऊन टाकतो."

"आन मग तुमी काय करणार?"

"गप बसणार," अण्णा म्हणाले.

मी ते ऐकलं. मशीन जाणार, ती गेली की अण्णा कसे दिसतील हे मला दिसत होतं, रिकाम्या खुंट्यांखाली बसलेले. एक वाक्य पुरेसं होतं. मी भिंतीवरच्या कर्ण्यांकडं बघितलं, आतून काही हलतंय का म्हणून वाट पाहिली. काही हललं नाही. मग माय जेवायला वाढते का बघायला आत गेलो.

अशात पाथरीहून वखारवाले आले. पाथरीत त्यांची लाकडाची वखार, अण्णांची जुनी ओळख, माणूस भला आणि घाईचा. धाकट्या मुलीचं लग्न होतं. थोरली नसीम नवऱ्याबरोबर सौदीत, जेद्द्याला, तिला येता येत नव्हतं.

"औरतां बोलरीं, ढोलक के गाने टेप में भरको नसीम कू भेजना," ते म्हणाले. "अण्णा, टेप तुमचा पाहिजे. आवाज भरायचा तो."

"मी येतो की."

"नै नै. औरतों की बैठक है. मरद चलता नै. ते गाणे..." वखारवाल्यांनी कपाळ पुसलं. "वो गाने मरद ने सुनने के नै. मैं खुद आज तक नै सुन्या."

"मग टेप कोण चालवणार?"

वखारवाल्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी माश्यांना जागा करून देत बसलो होतो.

"ये भैराच है ना?"

"हाय," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला.

"अल्ला की मेहेरबानी," वखारवाले म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते कळून त्यांनी अण्णांचा हात धरला.

निघायच्या दिवशी अण्णांनी मला खुणांनी शिकवलं. काटा लाल भागात गेला की आवाज कमी. बटण आपोआप वर उडालं की कॅसेट पालट. पोराला ऐकण्याचं काम नुसतं डोळ्यांनी करायला शिकवताना त्यांनी प्रत्येक खूण दोन-दोनदा केली. मला ते सगळं सात वर्षांचा असल्यापासून येत होतं. मी मान हलवली.

पाथरीत वखारवाल्यांच्या घरी मला आधी जेवू घातलं: बगारा भात, त्यावर दालचा, आणि शेवटी जर्दा, म्हणजे केशरी भात, एवढा गोड की चमचा उभा राहील. मला त्याचं काही वाटलं नाही, पण आज आठवतंय म्हणजे जिभेनं माझ्या नकळत नोंद ठेवली असणार. मग आतल्या मोठ्या खोलीच्या कोपऱ्यात एक जाड पडदा बांधला, पडद्यामागं मी आणि टेप, पडद्यापुढं माईक. मला कुणी दिसत नव्हतं, त्यांना मी दिसत नव्हतो. पडदा खाली जमिनीपासून वीतभर वर होता. ती वीत पुढं महागात पडली.

बायका जमल्या. बांगड्या, पोरांची रडारड, सुपारी कातरल्याचा आवाज. वधूची आई पडद्याशी येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "खरंच ऐकू येत नाय ना ह्याला?" एक म्हातारा, खरबरीत, पानानं भरलेला आवाज म्हणाला, "ठैर." आणि पडद्यापलीकडून माझ्या कानाच्या रेषेत थाळीवर चमचा असा आदळला की पाथरीतली कबुतरं सेलूला जाऊन बसली. मी हललो नाही. त्यात माझं कौशल्य काही नव्हतं. त्या काळात डोक्यावर छप्पर पडलं असतं तरी मी हललो नसतो. "पत्थर है," तो आवाज म्हणाला. ती चांदबी खाला. वधूच्या आईची मोठी बहीण, ढोलक तिच्या मांडीखाली, आणि त्या खोलीत तिचा शब्द शेवटचा.

मी बटण दाबलं. गाणं काय असणार ते मला ठाऊकच होतं. जगात माझ्या पाठ नसलेलं गाणं उरलं नव्हतं. ढोलकीवर थाप पडली. आणि तिच्या लाकडावर कुणीतरी चमच्यानं टकटक टकटक ठेका धरला, थापेच्या जरासा पुढं, जसं कुणी घाईनं पुढं चालतंय आणि मागं वळून हाका मारतंय. मग चांदबी खालानं वराच्या आईला, म्हणजे समधनीला, पहिली शिवी घातली.

समधन आई, समधन आई, उंट पे बैठको आई गे,
उंट बिचारा बैठ गया, समधन उतरीच नै गे.

खोलीभर हसू उसळलं आणि सगळ्यांनी मिळून ते परत म्हटलं. ना सूर एक, ना पट्टी एक. एखादी म्हातारी एक ओळ मागं, एखादी पोरगी खिदळत अर्ध्यातच सोडून देणारी. पुढची ओळ चांदबी खाला जागच्या जागी रचत होती. कधी शब्द सापडला नाही की नुसता 'गे, गे' म्हणून ढोलकी बडवत वेळ काढायची आणि मग असं काही आणून टाकायची की बायका एकमेकींवर कोसळायच्या. पुढं काय येणार हे गाणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. मला आमच्या घरातल्या रेकॉर्डी आठवल्या, पाकिटात संपून बसलेल्या, ओरखड्यांसकट पाठ. आणि इथं गाणं माझ्या समोर, ओलं, अजून झालेलंच नाही. माझा कान उठून बसला. बसला म्हणजे अगदी कुत्र्याचा उठतो तसा, मला तो डोक्यावर जाणवला.

समधन झाली, वर झाला, वराचे चुलते झाले. मग चांदबी खाला म्हणाली, "अब नसीम कू देना."

वधूची आई म्हणाली, "अगं आपा, ती इथं नाय, तिला कशाला शिव्या."

"नै है इसिच वास्ते," खाला म्हणाली. "जो घर के हैं उनकूच गाली देते. उसकू नै दी तो वो क्या समझिंगी? भूल गए मेरेकू, बोलको रोती बैठिंगी." आणि ती माईककडं तोंड करून, जणू नसीम त्या जाळीच्या आतच बसलीय अशी, गाऊ लागली.

नसीम गई गे जेद्दे कू, खजूर इत्ते खाई गे,
चलती तो वो चलतीच नै, लुढक लुढक को आई गे.

या वेळी हसू निराळं होतं. हसता हसता त्यातली एक, बहुधा आईच, नाक ओढत होती. आणखी एक शिवी झाली, आणखी एक. जितकी लांबची माणसं तितक्या शिव्या जास्त. इतक्या दिवसांनी कुणीतरी आत दिवा लावला होता आणि मला तो दोन्ही हातांनी झाकून धरायचा होता. कारण मी हसलो तर संपलंच. बायकांच्या बैठकीत बहिरा होऊन बसलेला पोरगा म्हणून पाथरी ते परभणी बोभाटा, वखारवाल्यांची मान खाली, आणि अण्णांनी आयुष्यभर लोकांच्या घरात मशीनबरोबर जे नाव नेलं ते मातीत. मी गाल चावले. छताची लाकडं मोजली. मेलेल्या आत्याला आठवलं. तर ती आत्याही उंटावर बसलेली दिसली. चेहरा मी पार दगडाचा ठेवला. पण चेहरा कुणाला दिसत होता? पडद्यामागं तो वायाच चालला होता. त्या वीतभर फटीतून दिसत होता माझा उजवा पाय, आणि त्याचा अंगठा, मला न विचारता, चमच्याच्या ठेक्यावर नाचत होता.

ढोलकी थांबली. मी खाली बघितलं. अंगठाही थांबला, पण एक ठोका उशिरा.

टेपची चाकं फिरत होती. मग चांदबी खालानं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं, तेही ऐकू आलं, आणि चमचा पुन्हा सुरू झाला.

भोंगेवाला भैरा आया, कान घर में छोडको गे,
कान तो उसके सोरे हैं, अंगूठा सुनता बैठा गे.

मी हसलो. हसलो हे काही बरोबर नाही. महिनोन्‌महिने आत साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. नाकातून, डोळ्यांतून, मला वाटतं तळलेल्या कानांतूनही. पडदा फडफडला. काटा लाल भागात गेला आणि तिथंच चिकटला, आणि आवाज कमी करायला हवा होता तो मी केला नाही.

पलीकडं एकच कल्ला. "सुनता है गे ये," "तोबा," पदर सावरल्याचे आवाज. वधूची आई म्हणाली, "आता काय करायचं आपा? ह्यानं तर सगळं ऐकलं." मी पडद्यामागून, पाय आत ओढून, कसाबसा म्हणालो, "खाला, माफ करा. टेपमधी माझं हसू आलंय. तेवढं पुसतो."

"पुसू नक्को," चांदबी खाला म्हणाली. तिचा आवाज एवढा जवळ आला की ती पडद्याला टेकून बोलत असावी. "नसीम कू कैसा मालूम पडना, के हमारे गाने से भैरा हंस्या करको?" मग इतरांना म्हणाली, "गाली खाया ना वो अब? घर का हो गया. बैठने दो. तू बटण दाब रे, पाय बाहेर काढ. पाय दिसू दे."

मी पाय बाहेर काढला. बैठक संपेपर्यंत माझा अंगठा त्या बायकांसमोर राजरोस नाचला, आणि त्याच्यावर आणखी शिव्या झाल्या, त्या मी इथं लिहिणार नाही. कॅसेट जेद्द्याला गेली. पुढं वखारवाल्यांनी सांगितलं, की तिकडं नसीमच्या शेजारच्या बायका जमून ती ऐकायच्या आणि भैऱ्याचं हसू आलं की मागं घेऊन परत लावायच्या. माझा पाय कधी परभणी जिल्ह्याबाहेर पडला नव्हता; माझं हसू समुद्रापार जाऊन राहिलं.

संध्याकाळी अण्णा भाड्याची जीप घेऊन न्यायला आले. वखारवाल्यांनी काही सांगितलं नाही; त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही मागं बसलो, आमच्यामध्ये दुसऱ्या कुठल्या लग्नातून परत आणलेला कर्णा, त्यापलीकडं अण्णा. पाथरी मागं पडली. रस्त्याला कापसाच्या गाड्या, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, आणि मला त्या एकेक, वेगवेगळ्या, ऐकू येत होत्या. ठेका डोक्यातून जात नव्हता. आणि मला कळलं की हे आता कुणाला तरी सांगायला हवं. सांगायचं म्हणजे दाद्याला. पुलाच्या कठड्यावर, तोंड मिट म्हणून. पण त्या कठड्यावर आता दाद्या नव्हता. इतक्या दिवसांत जे दुखलं नव्हतं ते तिथं, त्या जीपमध्ये, सावकाश दुखायला लागलं, आणि दुखतंय म्हणून मला इतकं बरं वाटलं की मी गुणगुणायला लागलो.

"काय म्हणायलास?" अण्णांनी विचारलं. माझे ओठ हलताना त्यांनी पाहिले होते.

"गाणं म्हणायलोय," मी म्हणालो.

"कंचं?"

"शिव्याचं."

मी बाहेर बघत होतो. त्यांच्याकडं न बघता उत्तर दिलं होतं, दोन वेळा. हे त्यांना कळलं ते मला जरा उशिरा कळलं. मी वळलो तेव्हा ते माझ्या कानाकडं बघत होते, जसं दुरुस्तीला टाकलेल्या मशीनमधून आपोआप आवाज यावा. मधला कर्णा उचलून त्यांनी मांडीवर घेतला, माझ्याजवळ सरकले, आणि चांगला, उजवा कान माझ्याकडं केला.

"मोठ्यानं म्हण," ते म्हणाले. "मला ऐकू येईना."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. मी मोठ्यानं म्हटलं, इतकं की गाडीवाल्यांनी बैल रस्त्याच्या कडेला घेतले.

दाद्या गेला पुण्याला गे, रेडिओ घेऊन गेला गे,
रेडिओ तिकडं बोलायलाय, दाद्या मुका झाला गे.

दुसऱ्या खेपेला अण्णांनी बोटातल्या अंगठीनं कर्ण्याच्या पत्र्यावर ठेका धरला. तो चुकत होता. मी तो तसाच धरून गात राहिलो.